ताप नाही, तरी रोज गोळी कशाला?

पत्र सोलापूर जिल्ह्यातून आलं आहे. नाव-गाव वगळून, थोडं आटोपशीर करून देतो.

"माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, आठवीत शिकते. दोन वर्षांपूर्वी तिचा गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा सुजला, सोबत ताप. वाढीच्या वयातलं दुखणं म्हणून आम्ही सोडून दिलं. नंतर शाळेत तपासणीची गाडी आली. त्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि सिव्हिलला पाठवलं. तिथे टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. रुमॅटिक फिवर होऊन गेलाय, हृदयाच्या झडपेतून थोडी गळती आहे, असं सांगितलं. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू केलं. वर्षभर सगळं नीट झालं. एकदा इंजेक्शन घेताच ती पांढरीफटक पडली आणि खाली बसली. पाच मिनिटांत बरी झाली, पण तिथून पुढे गावातले डॉक्टर इंजेक्शन द्यायला तयार होईनात. मग सिव्हिलच्या डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या गोळ्या दिल्या, सकाळी एक, रात्री एक. आठ महिने झाले. आता सासूबाई म्हणतात, पोरीला ताप नाही, दुखणं नाही, एवढं जहाल औषध रोज कशाला? अंगात उष्णता होईल. मोठ्या दिरांनी मोबाइलवर आलेलं दाखवलं, की सारखी अँटिबायोटिक घेतली की जंतू निगरगट्ट होतात, नंतर कुठलंच औषध लागू पडत नाही. मुलगीही कंटाळली आहे, चार दिवस घेते, दोन दिवस विसरते. केसपेपरवर २५० मिलिग्रॅम लिहिलंय आणि मेडिकलवाल्यानं दिलेल्या पाकिटावर ४ लाख असं आहे, ते बघून तर मी घाबरलेच. बंद करू का? आणि हे किती वर्षं? उद्या तिच्या लग्नाचं बघायचं झालं तर लोकांना काय सांगायचं?"

ताई, पहिलं उत्तर आधी देतो, बाकीचं सावकाश वाचा. गोळी बंद करू नका. आज रात्रीची द्या, उद्या सकाळची द्या.

तुमच्या घरात जो वाद चालला आहे त्यात खरं तर कुणीच मूर्खपणाचं बोलत नाही. सासूबाईंचं म्हणणं असं की दुखणं नाही तर औषध का. दीर म्हणतात, अँटिबायोटिकचा अतिरेक वाईट. दोन्ही गोष्टी एरवी बरोबर आहेत, मी स्वतः रोज चार जणांना हेच ऐकवतो. फक्त तुमच्या मुलीच्या बाबतीत त्या लागू होत नाहीत. का नाही, हे घरातल्या सगळ्यांना पटलं तरच ही गोळी टिकेल. तुम्ही एकट्यानं गुपचूप देत राहिलात तर टिकणार नाही.

तिला काय झालं होतं ते आधी बघू. स्ट्रेप्टोकोकस नावाचा एक जंतू असतो, त्यातला 'ए' गटाचा. तो घशात शिरला की घसा लाल होतो, गिळताना टोचतं, ताप येतो, गळ्याला गाठी येतात. बहुतेक मुलं चार-पाच दिवसांत बरी होतात आणि आई-बाप तो घसा विसरूनही जातात. पण काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी दुसराच खेळ सुरू होतो. जंतूशी लढायला शरीरानं जी प्रतिद्रव्यं तयार केली, ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतात, कारण त्या जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं आपल्या हृदयातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. म्हणून आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट अशी फिरती सूज. सांधे नंतर अगदी पूर्ववत होतात. लासेग नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच म्हणून ठेवलंय की हा आजार सांध्यांना नुसता चाटतो, पण हृदयाला चावतो. तुमच्या मुलीची झडप चावली गेली आहे, सुदैवानं थोडीच.

आता महत्त्वाचा भाग. ज्या मुलाला एकदा रुमॅटिक फिवर झाला, त्याच्या शरीराला ही चूक करायची सवय लागलेली असते. पुन्हा तसा घसा आला, की पुन्हा हल्ला होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त, आणि पहिल्या काही वर्षांत तर सर्वांत जास्त. प्रत्येक हल्ला त्याच झडपेवर नवा व्रण ठेवून जातो. आज जी थोडी गळती आहे, ती दोन-तीन हल्ल्यांनंतर ऑपरेशनपर्यंत जाऊ शकते. अडचण अशी, की हे जंतू कधीकधी घशात येऊन जातात आणि मुलाला धड घसा दुखल्याचंही कळत नाही. म्हणून 'घसा दुखेल तेव्हा बघू' हा हिशेब इथे चालत नाही.

ज्वारी हुरड्यात आली की शेतकरी माळ्यावर बसतो तो पाखरं आली म्हणून नाही, येऊ नयेत म्हणून. ही गोळी राखणीची आहे. सासूबाईंना इतकं सांगितलंत तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

दिरांच्या मुद्द्याला मात्र नीट उत्तर द्यायला हवं, कारण तो मुद्दा वजनदार आहे. सर्दी झाली की अॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या, जुलाब झाले की आणखी कुठलं अँटिबायोटिक, असं आपल्याकडे सर्रास चालतं आणि त्याची किंमत आपण मोजतोच आहोत. पण ज्या जंतूपासून तुमच्या मुलीला जपायचं आहे, त्या 'ए' गटाच्या स्ट्रेप्टोकोकसची गोष्ट वेगळी आहे. ऐंशी वर्षं जगभर पेनिसिलिन वापरूनही हा जंतू पेनिसिलिनपुढे आजही मान टाकतो. इतर बरेच जंतू हुशार झाले, हा झाला नाही. शिवाय साध्या पेनिसिलिनचा पल्ला आखूड आहे. ते निवडक जंतूंवर चालतं, सरसकट सगळ्यांवर नाही. म्हणूनच या कामासाठी डॉक्टर नवं, महागडं, 'स्ट्राँग' काही न देता हे जुनंच औषध देतात. एक बाजू मात्र लपवत नाही: रोज पेनिसिलिन घेणाऱ्याच्या तोंडातले काही जंतू त्याला सरावतात. त्याचा संबंध दातांशी आहे, त्यावर शेवटी बोलतो.

आता 'जहाल औषध' आणि ते ४ लाख.

सासूबाईंच्या पिढीनं पेनिसिलिन पाहिलं ते इंजेक्शनच्या रूपात, न्यूमोनियात, गळवात, जीवावरच्या दुखण्यात. त्यामुळे नावाचा धाक आहे. ते इंजेक्शनच होतं याला कारण होतं. फ्लेमिंगनं १९२८ साली लंडनमध्ये बुरशीतून जे शोधलं आणि पुढे ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी औषध म्हणून उभं केलं, ते पेनिसिलिन पोटात गेलं की जठरातल्या आम्लात बरंचसं नासून जायचं. १९५०च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या कुंडल गावी, जुन्या बिअरच्या कारखान्यात पेनिसिलिन बनवणाऱ्या एका कंपनीत वेगळाच त्रास होता. टाक्यांमध्ये नको ते जंतू वाढायचे. ते आटोक्यात ठेवायला तिथल्या संशोधकांनी एक रसायन घातलं, आणि बुरशीनं तेच रसायन वापरून निराळंच पेनिसिलिन तयार केलं, जे आम्लात टिकत होतं. तेच पेनिसिलिन व्ही, तोंडानं घ्यायचं. त्याच दशकात आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. पुण्याच्या बाजूचे लोक अजून 'एचए' म्हणतात, ते हेच. तेव्हा हे औषध परकंही नाही आणि नवखंही नाही. मुलीची मात्रा तर राखणीपुरतीच आहे, न्यूमोनियाच्या पेशंटला देतात तेवढी नव्हे.

पेनिसिलिन व्हीचे २५० मिलिग्रॅम म्हणजेच साधारण ४ लाख युनिट. एकच माप, दोन भाषांत. सुरुवातीच्या काळात शुद्ध पेनिसिलिन हाती येतच नव्हतं, त्यामुळे ते वजनावर न मोजता जंतू मारण्याच्या ताकदीवर मोजायचे, आणि ती युनिटची रीत काही पाकिटांवर राहून गेली. ४ लाख बघून छाती दडपते खरी, पण जास्त काहीही जात नाहीये. तरी पुढच्या वेळी केसपेपर आणि पाकीट दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवून एकदा ताडून घ्या, कारण मेडिकलमधून दर वेळी वेगळ्या कंपनीचं पाकीट येऊ शकतं.

उष्णतेबद्दल: पेनिसिलिननं कधी मळमळतं, कधी शौचाला पातळ होतं, क्वचित जिभेवर काळपट थर येतो किंवा तोंड येतं. घरी याला उष्णता म्हणत असाल तर म्हणा. सब्जा घाला, ताक द्या, काही अडचण नाही. फक्त त्या नावाखाली गोळी बंद करू नका.

यानंतरचं बोलणं मला सर्वांत गरजेचं वाटतं, आणि ते तुम्ही विचारलेलंच नाही. इंजेक्शन परत सुरू होऊ शकेल का?

गोळी चांगली आहे, पण या कामात इंजेक्शन तिच्यापेक्षा सरस आहे. न्यूयॉर्कजवळच्या अर्विंग्टन हाउस या संस्थेत रुमॅटिक फिवर झालेल्या मुलांना वर्षानुवर्षं तपासून हे साठच्या दशकातच दाखवून दिलं गेलं, आणि नंतरही ते उलटं सिद्ध झालेलं नाही. कारण साधं आहे. पेनिसिलिन शरीरात थांबत नाही, काही तासांत लघवीवाटे निघून जातं. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये ज्या पोलीस शिपायाला ते पहिल्यांदा देऊन पाहिलं, त्याच्या वेळी साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन गाळून त्यालाच परत टोचत होते. तरी साठा संपला आणि सुधारत असलेला माणूस गेला. एकवीस दिवसांचं इंजेक्शन म्हणजे बेंझाथीन पेनिसिलिन हे मुद्दामच असं बनवलेलं आहे की ते स्नायूत साठून राहतं आणि थोडं थोडं रक्तात उतरतं. म्हणजे एकदा सुई घेतली की तीन आठवडे विसरण्याची सोयच नाही. गोळीत तीन आठवड्यांत बेचाळीस वेळा आठवण ठेवावी लागते. 'चार दिवस घेते, दोन दिवस विसरते' असं तुम्ही लिहिलंय ना? त्या दोन दिवसांत शेत उघडं असतं.

मग ते चक्कर येणं? तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे सुई लागताच पांढरं पडणं, खाली बसणं, पाच मिनिटांत ठीक होणं, ते ऐकून मला अॅलर्जीपेक्षा भीतीनं आणि वेदनेनं आलेली घेरी जास्त वाटते. तेरा वर्षांच्या मुलीला दर तीन आठवड्यांनी तेवढी दाट औषधाची जाड सुई, त्यात उपाशीपोटी, रांगेत उभं राहून, हे नेहमी होतं. पेनिसिलिनची खरी अॅलर्जी वेगळी दिसते: अंगावर पित्ताच्या गांधी, खाज, ओठ-डोळे सुजणं, घसा आवळल्यासारखा, धाप, छातीत घरघर. यातलं काही झालं होतं का, ते मुलीला आणि त्या दिवशीच्या सिस्टरना आठवून विचारा. आणि एक गोष्ट तुमच्या घरात कुणाच्या लक्षात आली नसावी. गेले आठ महिने तेच पेनिसिलिन गोळीतून तिच्या पोटात जातंय आणि अंगावर एक पुरळ उठलेली नाही. पेनिसिलिनची खरी, जिवाला धोका असलेली अॅलर्जी असती तर हे असं निवांत झालं नसतं.

पण पत्रावरून निदान करायचं नसतं. हे सगळं सिव्हिलच्या डॉक्टरांपुढे मांडा आणि विचारा, 'ती घेरी होती की रिअॅक्शन? इंजेक्शन पुन्हा देता येईल का?' ते हो म्हणाले, तर केसपेपरवर तसं लिहून घ्या. गावातल्या डॉक्टरांची भीती मी समजू शकतो. एखाद्या पोराला टेबलावर काही झालं तर गाव कुणाला विचारणार? म्हणून इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयात किंवा जिथे रिअॅक्शनवरचं औषध आणि ऑक्सिजन हाताशी आहे अशाच ठिकाणी घ्या. जाताना मुलीनं नीट खाल्लेलं असावं. इंजेक्शन पडूनच घ्यायचं, आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. बाटली आधी तळहातात धरून थोडी कोमट केली, आधी त्या जागी अंगठ्यानं दाब दिला आणि औषध हळूहळू सोडलं, तर दुखणं बरंच कमी होतं. चांगल्या सिस्टरना हे माहीत असतं, घाईच्या दिवशी फक्त आठवण करून द्यावी लागते.

अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर कुणी तरी दुसराच वाचक हे आपल्या घरच्या पेशंटला लावेल. ज्यांची झडप फार खराब झाली आहे, हृदय कमकुवत झालंय, चालताना दम लागतो, अशांना इंजेक्शनच्या वेळी अचानक हृदय बंद पडण्याचा धोका असतो. असे मृत्यू पूर्वी अॅलर्जीच्या खात्यात टाकले जायचे. म्हणून अशा रुग्णांना गोळ्याच द्याव्यात, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२२ साली सुचवलं. तुमच्या मुलीची थोडी गळती त्या वर्गात बसत नाही, पण शेवटचा इको किती जुना आहे ते बघा. वर्ष उलटून गेलं असेल तर आधी तो करून घ्या.

तोवर गोळी. ती नीट कशी घ्यायची ते सांगतो. पेनिसिलिन व्ही रिकाम्या पोटी चांगलं शोषलं जातं, जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. सकाळी उठल्या उठल्या, दात घासल्यावर, चहाआधी ही वेळ तिला सोपी पडेल. रात्री झोपताना. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर खाऊन घ्या, कारण पोटात अन्न असताना घेतलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा केव्हाही बरी. विसरली तर आठवेल तेव्हा घ्यायची. पुढची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्यायची, दोन एकदम नाही. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरून ठेवू नका, पावसाळ्यात ओल धरतात.

पेनिसिलिन व्ही प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. औषध स्वस्त आहे, नफा कमी, ठेवतं कोण? म्हणून पाकीट संपायच्या निदान आठ-दहा दिवस आधी पुढच्याची सोय करा, तालुक्याला जाणाऱ्या कुणाकडून तरी आणवा. 'ते नाही, हे घ्या, तेच आहे' असं म्हणून मेडिकलवाल्यानं दुसरं अँटिबायोटिक पुढे केलं तर घेऊ नका. आधी डॉक्टरांना फोन. पर्याय असतात, पण ते डॉक्टरांनी निवडायचे. आणि गोळ्या चालू असताना कधीही अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, तर पुढची गोळी न देता १०८ला फोन करून सरळ रुग्णालय गाठा.

मुलीला एक काम द्या. कॅलेंडरवर तिनंच खूण करायची, तुम्ही नाही. तेराव्या वर्षी आईनं 'गोळी घेतलीस का' विचारलं की ती घेतलेली असली तरी राग येतो. तिला तिच्या इकोचे कागद दाखवा, झडप म्हणजे काय ते समजावून सांगायला डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे मुलांच्या आजाराविषयी मुलांना सोडून सगळ्यांशी बोलतात.

घरात आणखी मुलं असतील तर त्यांचा घसा हा आता तुमच्या मुलीचाही प्रश्न आहे. सर्दी-खोकला नाही, पण ताप आहे, गिळवत नाही, घशात आत लाल होऊन पांढरे ठिपके आलेत, मानेच्या गाठी दुखतात, असा घसा कुणालाही आला तर काढे करत बसू नका, दाखवा. डॉक्टरांनी पेनिसिलिन व्ही किंवा अॅमॉक्सिसिलिन दिलं तर ते या घशासाठी दहा दिवसांचं असतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेलं पाकीट फ्रिजवर जातं, तसं होऊ द्यायचं नाही. मुलीचा स्वतःचा घसा दुखला, तर गोळ्या चालू आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, तिलाही दाखवा.

किती वर्षं? हृदयाला लागलेलं असेल आणि गळती थोडीच असेल, तर साधारणपणे शेवटच्या हल्ल्यापासून दहा वर्षं किंवा वयाची पंचविशी, यातलं जे लांब पडेल ते. झडप जास्त खराब असेल तर चाळिशीपर्यंत किंवा जन्मभर. तुमच्या मुलीचं नक्की काय ते दर वर्षीच्या इकोवर ठरेल. ऐकून धस्स होतं, मान्य आहे. पण उलट बाजूही बघा. युगांडात शाळकरी मुलांवर झालेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. या मुलांना काहीच त्रास नव्हता, फक्त इकोत झडपेवर सुरुवातीची खूण दिसली होती. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, निम्म्यांना नाही. प्रत्येक गटात चारशेच्या आसपास मुलं. दोन वर्षांनी इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी ३३ मुलांची झडप आणखी बिघडली होती, घेतलेल्यांपैकी फक्त ३ जणांची. लवकर सापडलेली झडप राखता येते, आणि तुमच्या मुलीची लवकर सापडली. त्या शाळेच्या गाडीचे, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाचे उपकार. त्यांच्या यादीत हा आजार आहेच, आणि पुढे कधी मोठे उपचार लागलेच तर त्या कार्यक्रमातून आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून सोय होते. कागद जपून ठेवा.

लग्नाचं तुम्ही संकोचत विचारलंत. तेराव्या वर्षी तो विचार नको, हे तुम्हालाही कळतंय. पण प्रश्न मनात आहे तर उत्तर घ्या. गळती थोडी असेल तर पुढे लग्न, बाळंतपण यात सहसा अडचण येत नाही. गर्भारपणात हृदयावर भार वाढतो, त्यामुळे आधी इको करून घ्यायचा आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करायचं, एवढी काळजी पुरते. पेनिसिलिन गरोदरपणात चालतं, तेव्हा बंद करायचं नसतं. खरा धोका आजार लपवण्यात आहे. माहेरी नियमित इंजेक्शन घेणाऱ्या मुली लग्न झालं की एकदम थांबतात, कारण सासरी सांगितलेलंच नसतं आणि पाकीट कुठे ठेवायचं हा प्रश्न पडतो. दोन-तीन वर्षांनी त्या पोटुशा असताना दम लागून येतात आणि झडप अरुंद झालेली असते. अशा बायका मी पाहिल्यात, आणि दर वेळी नवऱ्याला हे पहिल्यांदाच कळत असतं. तेव्हा आजपासून घरात, नातेवाइकांत, हे उघड राहू द्या. 'तिची झडप थोडी गळते, औषध चालू आहे' हे वाक्य चष्म्याचा नंबर सांगावा तसं सांगता आलं पाहिजे. ज्या घराला ते ऐकवत नाही, ते घर या मुलीला औषधही घेऊ देणार नाही. अशा घराची चौकशीच करायची कशाला?

सासूबाई तिला पळू देत नाहीत, असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा घरांत बहुतेकदा तसं असतं. थोडी गळती असलेली मुलं खेळू शकतात. डॉक्टरांनी विशेष मनाई केली नसेल तर कबड्डी खेळू द्या.

राहिला दातांचा विषय. खराब झडपेवर रक्तातले जंतू जाऊन बसण्याची भीती असते, आणि ते बहुतेकदा तोंडातून येतात. म्हणून दोन वेळा दात घासणं, कीड लवकर भरून घेणं हे तिच्यासाठी झडपेचंच औषध आहे. दात काढायचा असेल तर डेंटिस्टना आधी दोन गोष्टी सांगायच्या: रुमॅटिकची झडप आहे, आणि रोज पेनिसिलिन चालू आहे. त्यांना त्या आधी अँटिबायोटिक द्यावंसं वाटलं तर ते पेनिसिलिनच्या घराण्यातलं न देता दुसरं निवडतील, कारण तोंडातले जंतू पेनिसिलिनला सरावलेले असू शकतात. रोजची गोळी त्या दिवशीही चालूच राहील. ही दोन वाक्यं केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेननं लिहून ठेवा. तिच्या दाढा अजून तपासल्या नसतील, तर सिव्हिलला इकोसाठी जाल त्याच दिवशी दंतविभागाचाही केसपेपर काढा, दुसरा हेलपाटा वाचेल.